चटका हरवलेला हात

नोकरीबद्दल लिहा असं सांगितल्यावर मी आधी हसले. एकोणतीस वर्षांत मला चहाला घरात बोलावणारी माणसं फार थोडी भेटली, आणि मला बघून शेजारच्या गल्लीत वळणारी पुष्कळ. मी आरोग्य खात्यात कुष्ठरोग तंत्रज्ञ होते. धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यांत मला 'चट्टेवाल्या बाई' म्हणत. स्कूटी गावात शिरली की कुणीतरी ओरडायचं, "आल्या बगा चट्टेवाल्या!" आणि पारावरचे फुल बाह्यांचे दोन-तीन सदरे हळूच उठून जायचे. मी नेमके तेच ध्यानात ठेवायचे.

काम तसं साधं. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा दिसला, की तिथली कातडी जागी आहे का ते बघायचं. माझ्या पिशवीत काचेच्या दोन परीक्षानळ्या असत. एकीत थर्मासमधलं गरम पाणी, दुसरीत माठातलं गार. समोरच्याला डोळे मिटायला सांगायचं, नळी टेकवायची आणि विचारायचं, गरम का गार? निरोगी कातडीला हे विचारणं म्हणजे थट्टाच. लोक हसायचे. पण चट्ट्यावर नळी टेकवली आणि उत्तर आलं नाही, की हसणं थांबायचं.

ऊन-गार आपल्याला कळतं कसं, हे मला स्वतःला निम्मी नोकरी झाल्यावर समजलं. एका प्रशिक्षणात तरुण डॉक्टर मॅडमनी ते फळ्यावर काढून दाखवलं. कातडीत मज्जातंतूंची टोकं असतात, केसाहून बारीक. त्या टोकांच्या आवरणात प्रथिनांची इवलाली दारं असतात. पुस्तकात त्यांना आयन मार्गिका म्हणतात. आयन म्हणजे विजेचा भार असलेले कण, आपल्या अंगातल्या सोडियम-कॅल्शियमचे. काही दारं उबेला उघडतात, काही गारव्याला, आणि एक दार साधारण त्रेचाळीस अंशांच्या वर, म्हणजे ऊब संपून पोळणं सुरू होतं तिथं. दार उघडलं की कण आत घुसतात, विजेचा बारीक ठोका तयार होतो आणि तंतूवरून पळत सुटतो. तो मणक्यापर्यंत पोचला की हात मागं येतो. 'भाजलं' हे मेंदूला त्याच्या नंतर कळतं. आणि गंमत अशी, की तेच पोळण्याचं दार मिरचीच्या तिखटानंही उघडतं. म्हणून ठेचा कितीही शिळा नि थंड असला तरी तोंड भाजतं.

कुष्ठरोगाचा जंतू मज्जातंतूंच्या आवरणात घर करतो. बारीक तंतू आधी जातात, आणि ऊन-गार सांगणारे तंतू बारीकच असतात. तंतूचं टोक सुकलं की त्याच्यावरची दारंही गेली. दुखत नाही, खाजत नाही. हीच तर अडचण. ज्या आजारात काहीच वाटत नाही, त्यासाठी दवाखान्याची पायरी कोण चढणार? म्हणून आम्हाला दारोदार जावं लागे.

इथं मी मुख्यतः एकाच माणसाबद्दल लिहिणार आहे. त्यांना विचारून लिहिते आहे. त्यांनी दोन अटी घातल्या. गावाचं नाव घालायचं नाही, आणि त्यांच्या गुळाला नावं ठेवायची नाहीत. नावही मी बदललंय. त्यांना आपण अंकुशनाना म्हणू.

ढोकीपासून आत सात-आठ किलोमीटरवर एक गुऱ्हाळ आहे. भोवती सगळा ऊसच. बराचसा कारखान्याला जातो, थोडा गुऱ्हाळावर. दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत मी तिथं ऊसतोड टोळीला तपासायला गेले होते. टोळ्या इथं चार महिने, तिथं चार महिने, त्यामुळं त्या आमच्या यादीतून नेहमी निसटतात. त्यांना फडात किंवा गुऱ्हाळावरच गाठावं लागतं.

टोळीतल्या बाया एकेक करून येत होत्या आणि माझं लक्ष मधेमधे काहिलीकडं जात होतं. काहील म्हणजे रस उकळायची ती भली मोठी लोखंडी कढई. तिच्यापाशी उभा होता गुळव्या, अंकुशनाना. बावन्न-त्रेपन्न वय, अंगात बंडी, डोक्याला टॉवेल. गुळव्याचं सगळं मोल एका क्षणात असतं. पाक कधी उतरवायचा तो क्षण. आधी उतरवला तर गूळ बसत नाही, उशीर झाला तर करपतो. नाना बोटं गार पाण्यात बुडवून पाकाचा थेंब उचलत, पाण्यात सोडत, आणि चिमटीत त्याची गोळी वळून बघत. डावखुरे होते. सगळं डाव्या हातानं.

गुऱ्हाळाचे मालक बब्रुवानराव नानांशी काहीतरी बोलायला आले. नाना वळले आणि बोलताना त्यांनी डावा हात काहिलीच्या काठावर टेकवला. करंगळीकडची बाजू. तापलेलं लोखंड. मी मनात म्हटलं, आता उचलतील. उचलला नाही. बोलणं चालूच राहिलं. शेवटी मीच ओरडले, "अहो, हात!"

नानांनी हाताकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि हसून हात काढला. काठावर पांढुरका पापुद्रा चिकटला होता.

"कायबी होत न्हाय बाई," चुलाण पेटवणारा गडी कौतुकानं म्हणाला, "नानाच्या हाताला चटकाच लागत न्हाय. तीस सालं झाली आगीम्होरं!"

सगळे हसले. बब्रुवानराव हसले नाहीत. "चटका लागत न्हाय ते ठीक, पर यंदा दोन आधणं करपली, ते कसं काय नाना?"

काहिलीत एका वेळी शिजणारा रस म्हणजे एक आधण. नाना टॉवेलनं तोंड पुसत काहिलीकडं वळले.

भाजल्याला मलम लावते म्हणून मी त्यांना चिपाडांच्या गंजीमागं नेलं. पट्टी बांधताना हाताला हात लागतोच. कातडी कोरडी होती, घामाचा टिपूस नाही, आणि चुलाणाशी तर माणूस भिजून निघतो. कोपराच्या वर बंडीच्या बाहीआड एक फिकट कड दिसत होती. कोपराच्या आतल्या बाजूला मी बोटानं चाचपलं. तिथली नस सुतळीसारखी जाड लागली. मला जे कळायचं ते कळलं.

"नाना, हा हात जरा नीट तपासायचाय. पाच मिनिटं लागतील."

"माजं काय तपासता? त्या टोळीला तपासा. मला काय झालं न्हाय."

"हे वर फिकट कशाचं आहे?"

"शिबं हाय ते. दोन सालं झाली." त्यांनी हात काढून घेतला. "आधण आलंय बाई. जाऊद्या मला."

परत येताना मी आरोग्य उपकेंद्रात थांबले आणि मागच्या वर्षीच्या सर्वेक्षणाची वही काढली. अंकुशनानांचं घर सापडलं. माणसं दोन. नाना आणि त्यांची बायको सोजरबाई. दोघांच्या नावापुढं 'तपासले, लक्षण नाही' अशी खूण होती. अक्षर माझं.

ती दुपार मला आठवली. नाना घरी नव्हते. सोजरबाई अंगणात तूर पाखडत होत्या. मी विचारलं होतं, "मालकांच्या अंगावर चट्टाबिट्टा?" त्या म्हणाल्या होत्या, "न्हाय वो ताई." आणि मी खूण केली. वाडीवरची तीन घरं राहिली होती, ऊन मी म्हणत होतं, संध्याकाळी अहवाल द्यायचा होता. अशी खूण आम्ही सगळेच कधी ना कधी करतो. पण त्या वेळी चट्टा होता आणि नस अजून शाबूत असणार. फक्त गोळ्यांवर सगळं निभावलं असतं. मी वही मिटली. मग ठरवलं, हा हात मी सोडणार नाही.

ठरवणं सोपं होतं. नाना भेटेनात. दुसऱ्या खेपेला मी गेले तर ते रस साठवायच्या मांदणाकडून मागच्या मागं शेतात गेले. तिसऱ्या खेपेला गडी म्हणाला, "नाना ढोकीला गेलेत," आणि नानांच्या चपला माझ्यासमोर होत्या. मी चपलांशेजारी बसून राहिले. दीड तास. माणूस चपलेशिवाय किती वेळ दडून राहणार? शेवटी नाना आले, एका पायानं लंगडत. सराटा मोडला होता.

"बाई, तुमी लई चिवट हाव," ते म्हणाले.

"पगारच त्याचा आहे."

चुलाण विझलेलं होतं. बब्रुवानराव गावात गेले होते. आम्ही परत त्या गंजीमागं बसलो. मी नळ्या काढल्या.

"ह्यानं काय व्हतंय?"

"तुम्ही पाकाची परीक्षा करता ना, तशी ही हाताची. डोळे मिटा. नळी टेकवली की गरम का गार तेवढं सांगा."

उजव्या हातापासून सुरुवात केली. गरम, गार, गार, गरम. एकही चूक नाही. नाना खुशीत आले. "पोराटोरांचा खेळ हाय ह्यो."

मग डावा हात. अंगठ्यावर टेकवली. "गरम," ते थोडं थांबून म्हणाले. बरोबर. तर्जनीवर गार टेकवली. "गरम." चूक. परत टेकवली. "गार." त्यांच्या कपाळावर आठी आली. मी करंगळीवर गरम नळी टेकवली आणि धरून ठेवली.

गंजीवर चिमण्या कलकलत होत्या. नळी टेकवलेलीच होती.

"बाई," ते डोळे मिटूनच म्हणाले, "लावली का न्हाय अजून?"

"डोळे उघडा नाना."

त्यांनी उघडले. करंगळीला टेकलेली नळी बघितली. तिच्यातून वाफ येत होती. उजव्या हाताचं बोट त्यांनी नळीला लावून बघितलं आणि झटकन मागं घेतलं. मग बराच वेळ ते डाव्या हाताकडं बघत राहिले, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता.

"दिवाळीपासनं," ते हळू म्हणाले. "दिवाळीपासनं पाक बोटाला कळंना झालाय. आधी पाण्यात गोळी वळली का बोट सांगायचं, आता उतरीव. आता नुसतं डोळ्यानं बगून अंदाज मारतोय. दोन आधणं गेली. म्या म्हनलं वय झालं." मग एकदम माझ्याकडं बघून, "रगतपिती हाय का ही?"

मी हो म्हटलं. खोटं बोलून काही साधत नाही.

"मंग संपलं. माज्या हातचा गूळ कोन खाईल?"

मी त्यांना सगळं सांगितलं. जंतू आहे, औषध आहे, गोळ्या सरकारी आणि फुकट आहेत. गोळ्या सुरू झाल्या की थोड्याच दिवसांत दुसऱ्याला लागण होण्याचा धोका जवळजवळ राहत नाही. हा आजार गुळातून पसरत नाही, हात धरल्यानंही नाही. आणि दिवाळीपासून म्हणजे तीन महिने झालेत. नस मरायला टेकलीय, मेलेली नाही. आत्ता उपचार केला तर काही परत येईल. अजून चार महिने थांबलात तर मीही हात टेकले.

नाना ऐकत होते की नाही कळत नव्हतं. मग मी वहीचं सांगितलं. सांगायची गरज नव्हती. कुणी विचारलंही नव्हतं. पण ज्या माणसाला मी विश्वास ठेवायला सांगत होते, त्याच्यापासून ते लपवून मला पुढं बोलवेना. म्हटलं, "मागच्या साली मी तुमच्या घरी आले होते. तुम्हाला न बघताच तपासले म्हणून लिहिलं. बघितलं असतं तर हाताला एवढं झालं नसतं."

मला वाटलं ते चिडतील. चिडायला हवं होतं. त्यांनी सराट्याची कुसळं पायातून काढली, चपला घातल्या आणि म्हणाले, "मंग आता तरी बरुबर लिवा."

उपचार सुरू झाला. बारा महिन्यांची बारा पाकिटं. महिन्याचा पहिला डोस माझ्यासमोर घ्यायचा, बाकीच्या गोळ्या रोज घरी. नसेसाठी स्टेरॉइडच्या वेगळ्या गोळ्या, हळूहळू कमी करत न्यायच्या. दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमनी हाताला विश्रांती सांगितली आणि आगीपासून लांब राहा म्हणाल्या. नाना मान डोलावून बाहेर आले आणि मला म्हणाले, "मॅडम हुशार हाईत, पर त्यास्नी गुऱ्हाळ म्हाईत न्हाय. हंगाम मधी सोडला तर पुन्हा मला कोन उभं करंल?"

त्यावर आमचं चांगलंच भांडण झालं. मी म्हटलं, डावा हात काहिलीजवळ गेलेला चालणार नाही. ते म्हणाले, मग पाक काय पायानं बघू? दोन दिवस मी त्याचाच विचार करत होते. मग धाराशिवच्या एका महाविद्यालयातल्या ओळखीच्या प्रयोगशाळा सहायकाकडून दोनशे अंशांपर्यंत मोजणारा काचेचा तापमापी मागून आणला. गुळाचा पाक एकशे अठरा अंशांच्या आसपास उतरवतात, हे मला त्यानंच सांगितलं.

नानांनी तापमापी हातात घेतला, उलटासुलटा केला आणि म्हणाले, "काचंला उसाची जात कळती का? खारवट जमिनीचा ऊस, खोडव्याचा ऊस, सगळ्याला एकच आकडा?"

"नाही कळत. ते तुम्हाला कळतं. आकडा काच सांगेल, जात तुम्ही सांगा. आणि गोळी उजव्या हातानं वळा."

"तीस सालानं उजवा हात शिकवू?"

"हो."

शिकवला त्यांनी. डावा हात लाकडी पट्टी लावून गळ्यात बांधलेला, लचकला म्हणून सगळ्यांना सांगितलेलं. पहिला आठवडा गोळ्या उजव्या चिमटीतून निसटत होत्या. तापमापी टॉवेलात गुंडाळून ठेवायचे आणि कुणी विचारलं तर म्हणायचे, "कालेजवाल्यांचा प्रयोग चाललाय." बब्रुवानराव संशयानं बघायचे. पण त्यानंतर एकही आधण करपलं नाही, त्यामुळं त्यांनीही फार खोदलं नाही.

आता प्रश्न सोजरबाईंचा होता. घरातल्या माणसाला तपासावं लागतं आणि आजार होऊ नये म्हणून एकदाच औषधाचा डोस देतात. पण नानांनी मला बजावलं होतं, घरी कळता कामा नये. मी म्हटलं, "तुम्ही सांगितल्याशिवाय मी सांगणार नाही. पण तुम्ही सांगितल्याशिवाय मी उठणारही नाही." त्यांच्याच ओसरीवर बसून हे बोलत होते. आत भाकरी थापल्याचा आवाज येत होता.

नानांनी तीनदा हाक मारायला तोंड उघडलं आणि तीनदा मिटलं. चौथ्यांदा हाक मारली. सोजरबाई पिठाच्या हातानं बाहेर आल्या. नानांनी खाली बघत चार वाक्यांत सांगून टाकलं.

सोजरबाई उंबऱ्यावर बसल्या आणि रडायलाच लागल्या. नाना घाबरले. "आगं, बरी व्हती म्हन्त्यात बाई. रडू नगंस."

"तेच्यासाठी कोन रडतंय!" त्या पदरानं डोळे पुसत म्हणाल्या. "मोरीत लाल लघवी बगितली म्या महिन्यामागं. म्या समजले किडनी गेली ह्यांची. कुनाला बोलले न्हाय. म्हनलं ह्यो मानूस मला सोडून चाललाय आन् सांगत बी न्हाय."

पहिल्या डोसानंतर लघवी लाल होते, हे मी नानांना सांगितलं होतं. त्या टीचभर घरात ते आणखी कुणाला तरी सांगायला हवं, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. सोजरबाई तपासणीत स्वच्छ निघाल्या. त्या दिवसापासून सकाळी हात पाण्यात भिजवणं, तेल लावणं, कुठं फोड-जखम आहे का ते बघणं त्यांनी आपल्याकडं घेतलं. आकडलेली बोटं एकेक करून ताणायचा व्यायामही त्या मोजून करून घ्यायच्या, आणि मोजताना दोन-चार जास्तच.

मार्च गेला, एप्रिल गेला. नळ्यांच्या परीक्षेत नाना कधी पास, कधी नापास. तोंड सुजलं, अंगाचा रंग गोळ्यांनी काळवंडला. एकदा म्हणाले, "बाई, खरं सांगा, माज्या समाधानासाठी गोळ्या देताव का?" मला नस बोटाला मऊ लागत होती, पण खात्रीनं काही सांगता येत नव्हतं. मी म्हटलं, "पाकीट बारा महिन्यांचं आहे. बाराव्या महिन्यात विचारा."

मे महिन्यात एका सकाळी त्यांचा फोन आला. आवाज कावराबावरा. "बाई, हात लई आग करतुया. डावा. जाळ झालाय नुसता."

उपचार चालू असताना कधीकधी अंग उलटतं, नस सुजते, आणि काही दिवसांत हात कायमचा जातो. मी डॉक्टर मॅडमना कळवलं आणि धाराशिवहून स्कूटी हाणत निघाले. ऊन रणरणतं होतं. वाटेत एकदाही थांबले नाही.

नाना ओसरीवर डावा हात पाण्याच्या बादलीत बुडवून बसले होते. मी हात बाहेर काढून बघितला. सूज नाही. नस दुखरी नाही. चट्टा लाल नाही. मला काही उलगडेना.

"कधीपासून?"

"तासभर झाला. न्याहारी झाली तवापासनं."

आतून सोजरबाई म्हणाल्या, "मिरच्या निवडून दिल्या त्येंनी आज. ठेच्याच्या. म्हनलं बसल्या जागी तेवढं तरी करा."

"कुठल्या हातानं?"

"डाव्यानं मोडून, खुडून दिल्या. सवय डाव्याचीच न्हाय का."

मी नानांचा हात धरला. अंगठ्याला आणि तर्जनीला गुऱ्हाळाच्या जुन्या बारीक भेगा होत्या. मिरचीचं तिखट त्या भेगांत शिरलं होतं आणि आग होत होती नेमकी त्या दोन बोटांना आणि मधल्याला. करंगळीला नाही, तिच्या शेजारणीला नाही. पोळण्याचं दार आणि तिखटाचं दार एकच. दार उघडत होतं, ठोका जात होता, आणि तो वरपर्यंत पोचतही होता. त्या जानेवारीत वाफाळती नळीसुद्धा ज्या हाताला धड कळत नव्हती, तो हात हिरव्या मिरचीनं बोंबलत होता.

मी तिथंच ओसरीवर मटकन बसले आणि हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येत होतं.

"हसताव काय बाई? मानूस जळतंय हितं!"

"जळू द्या नाना. जळू द्या थोडा वेळ."

समजावून सांगितल्यावर त्यांनी बादली बाजूला सारली. सोजरबाईंनी हाताला तेल लावायला वाटी आणली, तर म्हणाले, "ऱ्हाऊदे जरा." आणि आग होत असलेली बोटं एकमेकांवर चोळत बसले.

अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट पावसाळ्यापर्यंत बरंच सुधारलं. करंगळी आणि अनामिका नाही. त्या दोन बोटांना आजही ऊन-गार कळत नाही आणि ती थोडी वाकडी राहिली आहेत. मी कितीही कामं चांगली केली असली तरी ती दोन बोटं माझ्या नावावर आहेत. त्या पावसाळ्यात मी मागच्या वर्षीच्या वहीतली माझी प्रत्येक खूण पुन्हा तपासायला घेतली. ज्या घरी माणूस प्रत्यक्ष बघितल्याचं मला आठवत नव्हतं, त्या घरी परत गेले. चिखलात, सुट्टीच्या दिवशी, काही ठिकाणी तीन-तीनदा. माझे साहेब म्हणाले, हे कुणी सांगितलंय तुम्हाला? मी म्हटलं, कुणीच नाही. त्यात तेरखेड्याकडची एक शाळकरी मुलगी सापडली. पाठीवर एकच चट्टा, नसा सगळ्या शाबूत. ती वेळेत सापडली, एवढंच म्हणते.

पुढच्या हंगामात डिसेंबरात मी पुन्हा गुऱ्हाळावर टोळी तपासायला गेले. नानांचं बारावं पाकीट चालू होतं. हातात कोपरापर्यंत जाड हातमोजा, तापमापी आता उघड्यावर खिळ्याला टांगलेला.

टोळीत वाशी तालुक्यातली एक बाई होती, पंचविशीची असेल. तिला इथं शांता म्हणते. मनगटाच्या वर चट्टा होता आणि त्यावर तिनं बांगड्या ओढून घेतल्या होत्या. मी बांगड्या सरकवायला सांगितल्या, तर तिनं हात पाठीमागं घेतला.

"मला काय न्हाय झालं. मुकादमाला कळलं तर टोळीतनं काढतेत. नवरा बी नांदवायचा न्हाय."

मी माझं नेहमीचं सगळं सांगितलं. औषध आहे, बरं होतं, कुणाला सांगणार नाही. ती मान हलवत राहिली. "तुमी असंच म्हन्ता. बरं झालेलं मानूस दावा मला एक तरी."

हे मला कायमच अडचणीचं. बरी झालेली माणसं पुष्कळ असतात, पण ती कुणीच 'मी' म्हणून पुढं येत नाहीत. आणि मी त्यांची नावं घेऊ शकत नाही. मी नानांकडं बघितलंसुद्धा नाही. शपथेवर सांगते, बघितलं नाही.

काहिलीत पाक चढत होता. नानांनी तापमापी बघितला, गोळी वळून बघितली, गड्याला "उतरीव" म्हणाले. काहील उतरली, पाक गार करायच्या उथळ वाफ्यात ओतला गेला. मग त्यांनी हातमोजा काढला आणि चालत आमच्यापाशी आले. मागं बब्रुवानराव होते, ऊस घेऊन आलेले तीन शेतकरी होते, सगळी टोळी होती.

"मला बग," नाना म्हणाले. "म्या खाल्ल्यात ह्याच गोळ्या. अकरा पाकिटं संपली, बारावं चालू हाय."

बब्रुवानरावांच्या हातात गुळाचा खडा होता, तो तसाच राहिला.

शांतानं त्यांच्या हाताकडं बघितलं. "ही बोटं वाकडी कशानं?"

"उशीर केला म्हनून. ह्या दोघास्नी आता कायबी कळत न्हाय. ह्या तिघास्नी कळतंय." त्यांनी तिच्यासमोर पंजा पसरला. "म्या शिबं म्हनत बसलो दोन सालं. बाई माज्या मागं लागल्या तरी पळत व्हतो. तू पळू नगंस. तुजी पाची बोटं हाईत अजून."

शांता माझ्यासमोर बसली, बांगड्या वर सरकवल्या आणि डोळे मिटले.

पुढचं सगळं गोड झालं नाही. त्या तिघांतल्या दोन शेतकऱ्यांनी आपल्या बैलगाड्या वळवल्या आणि ऊस दुसऱ्या गुऱ्हाळावर नेला. एक तर नानांचा लांबचा चुलतभाऊ होता. नानांनी जाणाऱ्या गाड्यांकडं बघितलं आणि हातमोजा चढवून चुलाणाकडं गेले. बब्रुवानराव त्या दिवशी त्यांच्याशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला फोन करून तासभर शंका विचारल्या, गुळाच्या, पाण्याच्या, हाताच्या. शेवटी आवाज खाली करून म्हणाले, "बाई, माझ्या बी पाठीवर दोन डाग हाईत. मळ्यात येताल का, हितं नगं." मी गेले. शिबं होती नुसती. मलम सांगितलं. त्यांनी सदरा घातला, गुंड्या लावल्या आणि म्हणाले, "नानाला म्या काढत न्हाय. असा गूळ दुसऱ्याला जमत न्हाय." नाना आजही तिथंच आहेत.

शांताची टोळी फेब्रुवारीत पुढं निघून गेली. मुकादमाला तिनं काही सांगितलं नाही. चट्टा एकच आणि नसा शाबूत, म्हणून तिला गोळ्यांची सहाच पाकिटं होती; ती पिठाच्या डब्यात ठेवायची. प्रत्येक मुक्कामाच्या गावी मी तिथल्या आशा सेविकेला फोन करून कळवत होते, आणि एकदा पाकीट वेळेत पोचेना तेव्हा स्वतः एसटीनं जाऊन देऊन आले. त्या वेळी ती फडात होती. कोयता खाली ठेवून, माझ्यासमोर पहिला डोस पाण्याबरोबर गिळला आणि परत कामाला लागली.

गेल्या जूनमध्ये मी निवृत्त झाले. निरोपाचे हार-तुरे झाले, भाषणं झाली, त्यातलं फारसं आठवत नाही. आठवतो तो त्याच आठवड्यात आलेला फोन. शांताच्या गावच्या आशाताई बोलत होत्या. "मॅडम, सहावं पाकीट संपलं. डॉक्टरांनी तपासलं. दोन्ही हात शाबूत हाईत." आणि मग मागून शांताचाच आवाज आला, "पाची बोटं म्हनावं. नानाला सांगा."